माझे पैंजण आणि गडावरचे खड्डे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

"आत्या, पुढच्या खेपेला तुझं ते मशीन घेऊन ये. इथं गडावर नुसती नाणी पडलीत." गेल्या दिवाळीत माहेरी आले असताना भाच्यानं हे मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओही दाखवला. एक तरुण कानाला हेडफोन लावून, हातात मेटल डिटेक्टर धरून गडाच्या उतारावर फिरत होता. मशीन वाजलं की बसायचा आणि कुदळीनं खणायचा. हिरवं पडलेलं तांब्याचं एक नाणं निघालं. ते त्यानं बाटलीतल्या पाण्यानं धुतलं, अंगठ्यानं खसाखसा घासलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. शिवराई होती. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. खाली लोकांनी विचारलं होतं ते एवढंच, की मशीन कुठं मिळतं आणि केवढ्याला.

भाच्याला मी नाही म्हणाले. का, ते मात्र त्या दिवशी नीट सांगता आलं नाही. घरात पाहुणे होते, फराळाची गडबड होती. इथे इंग्लंडला परत आल्यापासून ते मनात घोळतं आहे. त्याच्या वयाची पुष्कळ मुलं-मुली आपलं वृत्तपत्र वाचतात, म्हणून आपल्यामार्फत सांगते. पत्र लांबलं आहे, पण शक्य असेल तर कापू नये.

मी प्रवरेकाठची, श्रीरामपूर तालुक्यातल्या शेतकरी घरातली. इंग्लंडमध्ये पंचवीस वर्षं परिचारिका म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे आणि सफक परगण्यात इप्सविचजवळ राहते. गेली नऊ वर्षं मेटल डिटेक्टिंग हा माझा छंद आहे. त्या व्हिडिओतल्या मुलाच्या आणि माझ्या हातात एकाच जातीचं यंत्र आहे. जमिनीतून काही वर येताना छातीत जी धडधड होते, तीही मला ठाऊक आहे. म्हणून त्याच्यावर डोळे वटारण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्याला ओढ कसली आहे ते मला आतून कळतं.

इथे गव्हाची कापणी ऑगस्टमध्ये होते. शेतात धसकटं उभी राहिली की पुढची पेरणी होईपर्यंतचे थोडेच आठवडे आमचे. ज्या शेतकऱ्याच्या रानात मी जाते, त्याची लेखी परवानगी माझ्यापाशी आहे आणि काही मौल्यवान लागलं तर वाटणी कशी करायची हेही त्याच कागदावर आहे. यंत्राच्या दांड्याला खाली ताटाएवढी चकती असते, तिला कॉइल म्हणतात. चकतीचं चुंबकीय क्षेत्र मातीत उतरतं, खाली धातू असेल तर त्यात बारीकसा वीजप्रवाह उठतो, आणि त्याची चाहूल चकतीला लागून कानात आवाज येतो. लोखंडाचा आवाज घोगरा असतो. चांदीचा स्वच्छ, देवघरातल्या घंटेसारखा. शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी बरेचदा सोन्यासारखीच वाजते, आणि इथल्या रानांत अशा कड्या सोन्याहून कितीतरी जास्त. पहिल्या वर्षी माझी पिशवी भरली ती बंदुकीच्या काडतुसांच्या पितळी बुडांनी. मग हळूहळू कान तयार झाला. शिशाच्या गोळ्या, पट्ट्याची बक्कलं, एक चेपलेलं अंगुस्तान, आणि तिसऱ्या वर्षी पहिल्या एडवर्ड राजाचा चांदीचा पेनी. नखाएवढा, पापडासारखा पातळ, सातशे वर्षांहून जुना. तो तळहातावर घेऊन मी बांधावर किती वेळ बसले होते कोण जाणे.

पण आमच्या छंदाचा खरा नियम नांगराशी बांधलेला आहे आणि भाच्याला मला तोच आधी सांगायचा होता. ही शेतं शतकानुशतकं नांगरली जात आहेत. वरच्या वीतभर मातीतली वस्तू नांगराच्या फाळानं केव्हाच जागची हललेली असते. ती मी उचलली तर तिच्याभोवतीचं काही मोडत नाही, उलट खतांनी आणि यंत्रांनी तिचा चुरा व्हायच्या आत ती वाचते. नांगर पोचत नाही इतक्या खोलवरून आवाज आला, किंवा एकाच जागी चार-पाच नाणी लागली, की मात्र हात आखडायचा. आणखी खणायचं नाही. जागेवर खूण करायची आणि फोन लावायचा.

फोन कुणाला, तर इंग्लंडात १९९७ पासून एक सरकारी योजना आहे, पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम. भागाभागासाठी तिचा एक पुरातत्त्व जाणणारा अधिकारी असतो आणि सामान्य माणसाला सापडलेल्या वस्तू बघणं, नोंदवणं हेच त्याचं काम. आमच्या भागात एक तरुण मुलगी होती. माझं पहिलं बक्कल अर्धं तुटलेलं होतं, बाजारात त्याला कुणी चहाचे पैसेही दिले नसते. तिनं ते तोललं, मोजलं, चारी बाजूंनी फोटो काढले आणि नकाशा उघडून विचारलं, "नेमकं कुठे?" मी बोट ठेवलं. तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. कोणत्या बांधापासून किती पावलं, माती कसली, आसपास खापरं होती का, सगळं विचारून घेतलं. नोंद झाल्यावर बक्कल तिनं माझ्या हातात परत दिलं. मला वाटलं होतं, जप्त होणार. घरी येताना बसमध्ये मला रडू आलं. त्याचं कारण पुढे सांगते.

अशा पंधरा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद त्या योजनेत आता झाली आहे. त्यांतल्या बहुतेक फुटक्यातुटक्या. पण कुठली वस्तू कुठे मिळाली हे माहीत असल्यामुळे नकाशावर ठिपके भरत गेले आणि जिथे काहीच नव्हतं असं वाटायचं तिथे रोमन काळातली वस्ती दिसू लागली. सोनं-चांदी किंवा नाण्यांचा साठा लागला तर १९९६ चा ट्रेझर ॲक्ट लागू होतो. चौदा दिवसांत कळवायचं. वस्तुसंग्रहालयाला ती हवी असेल तर तज्ज्ञांची समिती बाजारभाव ठरवते आणि ती रक्कम सापडणाऱ्यात आणि जमीनमालकात वाटली जाते. संरक्षित स्थळावर परवानगीशिवाय डिटेक्टर वापरणंच इथे गुन्हा आहे. मग तिथून काही उचला किंवा उचलू नका.

आमच्या घरापासून गाडीनं पाऊण तासावर हॉक्सन नावाचं खेडं आहे. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा रानात हरवला. त्याचा एक मित्र निवृत्त माळी होता, त्याला निवृत्तीच्या वेळी डिटेक्टर भेट मिळालेला. तो हातोडा शोधायला गेला आणि चांदीचे चमचे, सोन्याच्या साखळ्या, नाणी लागायला लागली. थोडं वर काढल्यावर त्या दोघांनी खणणं थांबवलं आणि कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वाची माणसं आली आणि त्यांनी तो ढीग मातीसकट थराथरानं काढला. म्हणून आज आपल्याला कळतं की ते रोमन काळातलं धन ओकच्या लाकडाच्या पेटीत होतं, आत लहान डबे होते, त्यांना चांदीची इवली कुलपं होती, आणि भांडी एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये गवत घातलेलं होतं. पेटी कुजून गेली होती, लाकूड म्हणावं असं फार काही उरलं नव्हतं. कोणती वस्तू कशाच्या वर होती एवढ्यावरून त्यांनी ती पेटी डोळ्यांपुढे उभी केली. १४,८६५ नाणी निघाली. आपल्याकडून, हिंदुस्थानातून, जाणारी मिरी ठेवायची चांदीची चार पात्रं निघाली. हरवलेला हातोडाही मिळाला आणि आता तोसुद्धा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्या माळ्याला साडेसतरा लाख पौंड बक्षीस मिळालं आणि त्यानं ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं.

लंडनला गेले की मी त्या दालनात जातेच. तिथे सोन्याची एक जाळीदार बांगडी आहे. जाळीतच अक्षरं कोरलेली आहेत, त्यांचा अर्थ साधारण असा: 'बाईसाहेब ज्युलियाना, ही सुखानं वापरा.' सोळाशे वर्षांपूर्वीची ती बाई. तिचं नाव आपल्याला माहीत आहे, कारण बांगडी कुणी वितळवली नाही.

आता माझ्या पैंजणांचं सांगते.

१९७६ साल. मी चौथीत होते. आमच्या रानाच्या वरच्या अंगाला पांढरीची टेकडी आहे. जुन्या वस्तीच्या जागेला आपण पांढर म्हणतो, ती माती राखेसारखी भुरी असते. गावातले लोक ती गाड्या भरभरून न्यायचे आणि खत म्हणून काळ्या रानात टाकायचे. अजूनही नेतात. त्या उन्हाळ्यात वडिलांनी उसासाठी खोल नांगरट धरली होती. टेकडीच्या पायथ्याशी फाळाला काहीतरी अडकलं, खापर फुटल्याचा आवाज आला. गाडगं होतं. त्यात नाणी होती, काळी ठिक्कर, चिंचेच्या गोळ्यासारखी एकमेकांना चिकटलेली. वडिलांनी ती उपरण्यात बांधून आणली आणि रात्री दार लावून, कंदिलाच्या उजेडात, आजी, वडील आणि काका मोजायला बसले. त्रेसष्ट भरली. मला झोपायला सांगितलं होतं, मी गोधडीतून बघत होते. एक नाणं घरंगळत माझ्यापर्यंत आलं. त्यावर माणसाचं तोंड होतं असं मला आठवतं. आई म्हणायची, तोंडबिंड काही नव्हतं, नुसत्या रेघा होत्या.

घरात आनंद नव्हता, भीती होती. आजी म्हणाली, धन पचत नाही, धनाला नाग राखण असतो. काकांची भीती वेगळी होती. आमच्याकडून फार लांब नाही ते दायमाबाद. तिथे दोनच वर्षांपूर्वी एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना ती जगप्रसिद्ध ब्राँझची खेळणी मिळाली होती. बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा, रेडा. ती सरकारकडे गेली हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्या ठाऊक असण्यात 'पोलीस', 'पंचनामा', 'जमीन अडकते' असे शब्द मिसळलेले होते. खरं किती, खोटं किती, कुणी तपासलं नाही. काका म्हणाले, तलाठ्याला कळलं की संपलं.

तिसऱ्या दिवशी वडील आणि काका तालुक्याच्या गावी एका सोनाराकडे गेले. त्यानं मुशीत घालून नाणी आटवली, घट कापून घेतली, चांदीचे पैसे दिले. त्यातून एक बैल आला. थोड्या चांदीचे माझे पैंजण केले. पायात घालून मी शाळेत गेले तेव्हा सगळ्या मुली बघत होत्या.

ते पैंजण अजून माझ्यापाशी आहेत. इथल्या कपाटात, फडक्यात. नऊ वर्षांपूर्वी या छंदाला लागले, नाण्यांबद्दल वाचायला लागले, आणि एके दिवशी जोगलटेंभीपाशी थांबले. नाशिक जिल्ह्यातलं गाव. तिथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, १३,२५० हून जास्त. सगळी नहपान या क्षत्रप राजाची. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला शिक्का वरून ठोकलेला होता. जुन्या राजाच्या चेहऱ्यावर नव्या राजाची खूण. सातवाहनांनी क्षत्रपांना हरवलं हे लेखात कोरलेलं आहे, पण लोकांच्या हातातला पैसासुद्धा नव्या राजानं कसा आपल्या नावावर करून घेतला हे त्या साठ्यानं सांगितलं. किती नाण्यांवर शिक्का आहे आणि किती कोरी राहिली, हे प्रमाण मोजता आलं ते साठा मोठ्या संख्येनं एकत्र हाती आला म्हणून. एकेक नाणं एकेका गिऱ्हाइकाला विकलं गेलं असतं तर उरली असती फक्त जुनी चांदी.

आमची त्रेसष्ट नाणी कुणाची होती? नहपानाची, यादवांची, बहमनींची, मुघलांची? मला माहीत नाही आणि आता कुणालाच कळणार नाही. इप्सविचच्या त्या मुलीनं माझं तुटकं बक्कल परत दिलं तेव्हा मला रडू आलं ते याचं. आमच्या वडिलांनी चोरी केली असं मी म्हणणार नाही. ज्याला दाखवावं असं एक माणूस त्यांना माहीत असतं तर त्यांनी दाखवलं असतं. ते तसे होते.

दायमाबादची गोष्ट तर आणखी सांगण्यासारखी आहे. त्या चार वस्तू बघताक्षणी कुणालाही वेड लागेल. रथ हातभर लांब, हाकणारा माणूस उभा, बैलांच्या पाठीवर जू. मूर्ती मिळाल्यावर तिथे १९७५ ते १९७९ सलग उत्खनन झालं, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे एस. ए. साळी यांनी ते केलं. तरी मूर्ती नेमक्या केव्हाच्या यावर अभ्यासकांत मतभेद झालेच. एक मत त्या हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातल्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतं. दुसऱ्यांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका घेतल्या. हा वाद का, तर मूर्ती उत्खननात, थरात, खापरांच्या सोबतीनं मिळाल्या नव्हत्या. ज्या क्षणी त्या मातीतून उचलल्या गेल्या त्या क्षणी त्यांचा दाखला फाटला. त्या शेतकऱ्याचा यात दोष नाही, तो लाकडासाठी खणत होता. पण यंत्र घेऊन, ठरवून गडावर जाणाऱ्याला तसं म्हणता येणार नाही.

भाच्यानं मला त्या गडावर नेलं. नाव लिहीत नाही, लिहिलं तर उद्या आणखी चार जण जातील. तटाच्या बाहेरच्या उतारावर, जुन्या वाटेच्या दोन्ही बाजूंना, मी सत्तावीस खड्डे मोजले. कुणी बुजवलेले नव्हते. एका खड्ड्याच्या काठावर गंजलेले खिळे, कौलांचे तुकडे आणि चुन्याचे ढेपसे तसेच टाकलेले होते, कारण खणणाऱ्याच्या लेखी तो कचरा. देवळामागे एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाची शिळा, आडवी पडलेली होती आणि तिच्याखाली कमरेएवढं खणलेलं. तिथे यंत्र नव्हतं, तिथे कुणीतरी गुप्तधनासाठी आलं असणार. दोन्ही खड्ड्यांत मला फरक दिसला नाही.

बहुतेक गडांवरची माती नांगरलेली नाही. तिथे वस्तू जिथे पडली तिथेच असते. खिळा दाराच्या चौकटीपाशी, राख चुलीपाशी, शिशाची गोळी जिथे माणूस उभा होता तिथे. आमच्या इंग्लंडच्या शेतातला नियम गडाला लावला तर उत्तर एकच येतं, की तिथे डिटेक्टरनं खणायची एकही जागा नाही. व्हिडिओतल्या त्या मुलानं वर काढलेली शिवराई बाजारात हजारांनी फिरणाऱ्या इतर शिवराई नाण्यांसारखीच होती. पण ती कुठल्या जोत्यात, कुठल्या थरात होती हे कळलं असतं, तर ती भिंत केव्हा बांधली गेली हे सांगायला तेवढीच पुरे होती.

डिटेक्टर हे यंत्र वाईट नाही. अमेरिकेत लिटल बिगहॉर्न या १८७६ च्या रणभूमीवर १९८३ मध्ये वणवा लागला, गवत जळून जमीन उघडी पडली. पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी माझ्यासारख्या छंदी लोकांना बोलावलं, रांगेत चालवलं. आवाज आला की फक्त झेंडी रोवायची, खणायचं नाही. मागून येणाऱ्यांनी प्रत्येक गोळीची, प्रत्येक काडतुसाची जागा मोजली. काडतुसाच्या बुडावरचा घावसुद्धा बंदुकीगणिक वेगळा असतो. त्यावरून कोणती बंदूक कुठून कुठे सरकत गेली हे शंभर वर्षांनंतर नकाशावर उमटलं. वसईच्या तटाखाली १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेनं सुरुंग लावले, माणसं पडली. तिथली जमीन अशी वाचता आली तर? महाविद्यालयातली शंभर मुलं, डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेतले जाणते लोक आणि परवाना, एवढं जमलं तर माझं यंत्र घेऊन मी स्वखर्चानं येईन आणि रांगेत शेवटी चालेन.

इंग्लंडात सगळे सज्जन आहेत असंही समजू नये. रात्री चोरून शेतात शिरणारे इथेही आहेत. २०१५ मध्ये हेरफर्डशर परगण्यात दोघांना व्हायकिंग काळातला साठा लागला. त्यांनी तो लपवला, नाणी इकडेतिकडे विकली. अंदाजे तीनशे नाण्यांतली जेमतेम तीसेक हाती आली. त्यांतल्या काहींवर वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा सिओलवुल्फ हे दोन राजे शेजारी शेजारी बसलेले आहेत, म्हणजे पुढच्यांनी ज्याला दुबळा ठरवलं तो सिओलवुल्फ आल्फ्रेडचा बरोबरीचा सोबती होता. एवढं मोठं सांगणारी बाकीची नाणी कुठे आहेत, पत्ता नाही. त्या दोघांना २०१९ मध्ये तुरुंगवास झाला. नाणी त्यानं परत आली नाहीत.

आपल्याकडचा कायदा मी मुद्दाम वाचला. इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट, १८७८ सालचा. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दहा रुपये, हा आकडा राणी व्हिक्टोरियाच्या काळातला. न कळवणाऱ्याला वर्षभरापर्यंत कैद. मालक नाही असं ठरलं तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे, चौथा जमीनमालकाचा. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा. म्हणजे तांब्याच्या नाण्याला तांब्याचा भाव. जोगलटेंभीसारखा साठा असला तरी चांदीचा भाव आणि वर वीस टक्के. सोनार पंचनाम्याशिवाय, त्याच दिवशी, जवळपास तेवढेच देतो. माझ्या काकांनी केलेला हिशेब कायद्यानंच करून ठेवला होता.

गडांसाठी कायदे आहेत. केंद्राचा १९५८ चा, राज्याचा १९६० चा. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. २०२५ च्या जुलैमध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा ठरले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. आपण पेढे वाटले, ते योग्यच केलं. मला विचारायचं आहे ते त्या गडांच्या पायथ्याच्या शेतकऱ्याबद्दल. उद्या त्याच्या नांगराला गाडगं लागलं तर तो कुणाकडे जाईल? त्या माणसाचं नाव, त्याचा फोन नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आहे का?

म्हणून राज्य सरकारला माझी विनंती आहे की निदान तालुक्याला एक नोंदणी करणारा माणूस नेमावा. त्याच्या हातात जप्तीची पावती नको, वजनकाटा आणि नकाशा असावा. शेतकऱ्याला त्याचा पहिला प्रश्न 'तुझ्याकडे हे आलं कसं' असा नसावा, 'नेमकं कुठे' असा असावा. अमुक दिवसांत आणून दाखवलं तर गुन्हा नाही आणि बाजारभावाचं बक्षीस, हे गावोगाव दवंडीसारखं सांगावं. आपल्या मातीत हे रुजणार नाही असं कुणी म्हणू नये. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या गृहस्थांनी तेरणेकाठच्या पांढरीतून वर येणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षं गोळा केल्या आणि पुढे त्या शासनाला दिल्या. आज त्यांच्या नावाचं संग्रहालय तिथे उभं आहे. त्यांच्याकडे कसलंही यंत्र नव्हतं. लोकांना माहीत होतं की सापडलेलं या माणसाला दाखवायचं असतं, आणि लोक दाखवत होते.

तोवर ज्याला काही सापडेल त्यानं कृपा करून ते घासू नये. चिंच-मीठ, राख, लिंबू काहीही लावू नये. तो हिरवा थर म्हणजे नाण्याची कातडी आहे, आणि मी परिचारिका आहे, कातडी सोलल्यावर काय होतं ते मला ठाऊक आहे. जिथे लागलं त्या जागेचा फोटो काढावा, गट नंबर लिहावा, किती खोलीवर ते लिहावं, खापरं असतील तर तीही ठेवावी. तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं, पोच घ्यावी, आणि एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला पाठवावी.

पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा येणार आहे. यंत्र आणणार नाही. पैंजण आणणार आहे. वडील आता नाहीत, पण काका अजून आहेत आणि गाडगं कुठे फुटलं ती जागा ते दाखवतील असं भाऊ म्हणतो. भाच्याला बरोबर घेऊन ती जागा नकाशावर लिहायची, पांढरीच्या टेकडीवर उघडी पडलेली खापरं न उचलता त्यांचे फोटो काढायचे आणि रीतसर अर्ज द्यायचा, असं ठरवलं आहे. निदान तिथून माती नेणं तरी थांबावं. अर्जात नाण्यांचं काय झालं तेही खरं खरं लिहीन.

भाऊ तीच जमीन कसतो आणि गावात बोलणी व्हायला वेळ लागत नाही. म्हणून माझं नाव छापू नये ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
इप्सविच, इंग्लंड
(माहेर: तालुका श्रीरामपूर)